लेकीच्या घरचं पाणी

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी आण्णांनी गिरणीतून एक कागद आणला. ते मागावर कामाला होते, आई घरी विड्या वळायची. सरकारने नवी योजना काढली होती. फंडातला थोडा वाटा तिकडे वळता करायचा. मग कामगार नोकरीत असताना गेला, तर त्याच्या बायकोला दरमहा पेन्शन. ज्याला हवी त्याने सही करायची.

आण्णांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. "काय करू, पोरी? माझ्या शेजारच्या मागावरल्या जोडीदारानं तर केली सही."

मी नुकतीच प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले होते. तीन पगार हातात पडलेले, त्यामुळे स्वर्ग दोन बोटं उरला होता. मला स्वतःला पुढे सरकारची पेन्शन मिळणार होती, पण आईने ती घ्यावी हे मला कमीपणाचं वाटलं. मी म्हणाले, "आण्णा, आईला कशाला सरकारच्या दारात उभं करताय? मी मिळवती हाय की. मी सांभाळीन तिला."

आईने विडीचं पान कापता कापताच म्हटलं, "लेकीच्या घरचं पाणीसुदिक पित न्हाईत. आन ही निगाली सांभाळायला."

"ते जुनं झालं," मी फटकन बोलले. कागद आण्णांच्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या मांडणीच्या पायाखाली सारला. मांडणी डुगडुगायची थांबली. आण्णा माझ्याकडे बघून हसले आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं. त्या हसण्यात केवढा भरवसा होता.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं, तेही आण्णांनी फंडातून उचल घेऊन करून दिलं. नवरा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात होता, मलाही तिथल्या शाळेत जागा मिळाली. वर्षभरात आण्णा छातीच्या दुखण्याने गेले. गिरणीच्या हजेरीत नाव असतानाच गेले. राहिलेला फंड दवाखान्याच्या उधारीत आणि दिवसकार्यात संपला.

मी आईला म्हटलं, आता माझ्याकडेच राहायचं. नवराही मनापासून म्हणाला. आई आली, पण एका दिवसापुरती, आणि येताना फिरकीच्या झाकणाचा तांब्या घरच्या पाण्याने भरून, दोन कडक भाकरी फडक्यात बांधून. मला अजून मूल नव्हतं. ते होईपर्यंत लेकीच्या घरचं काही तोंडात घालायचं नाही, हे तिचं ठाम होतं. मी चिडले, रडले, ताट वाढून समोर ठेवलं. तिने ते माझ्याकडेच सरकवलं आणि म्हणाली, "तू जेव गं. लई वाळलीस."

वैशाखाचे दिवस होते. दुपारीच तांब्या संपला. गाडी संध्याकाळची होती, तोवर ती ओठांवरून जीभ फिरवत बसून राहिली. मी पाण्याचा पेला घेऊन दोनदा समोर उभी राहिले आणि दोन्ही वेळा परत फिरले.

स्टेशनावर मी तिच्या हातात पगारातल्या नोटा कोंबल्या. तिने त्या माझ्याच पदराच्या टोकाला बांधून गाठ घट्ट केली. म्हणाली, "हात चालत्यात माजे अजून." त्या हातांची बोटं पानं कापून कापून चिरलेली होती, आणि डोळ्यांना कमी दिसायला लागल्यामुळे निम्म्या विड्या कारखान्यातून परत येत होत्या. हे मला तिने नाही, शेजारणीने सांगितलं होतं.

मग ती फलाटावरच्या नळाशी गेली. ओंजळ धरून कितीतरी वेळ पाणी प्यायली. तोंड पुसत, मला बरं वाटावं म्हणून हसली.

"हे चालतंय," ती म्हणाली. "हे सरकारचं हाय."

गाडी आली. मी तिला डब्यात चढवलं आणि तिचा तांब्या त्याच नळावर भरून खिडकीतून तिच्या हातात दिला.