पंधरा मिनिटं आणि आठ महिने

माझे भाऊजी प्रयोगशाळेत गोगलगाई सांभाळायचे. तीस वर्षं. हसू नका, त्यावर ताईचा संसार झाला. टाक्या धुवायच्या, पाला घालायचा, मेलेल्या वेचायच्या आणि प्रयोगाच्या दिवशी एकीच्या डोक्यातला मज्जापेशींचा पुंजका काढून काचेच्या बशीत मांडायचा. त्यातली एक पेशी डोळ्याला दिसेल न दिसेल एवढी, पण तिच्यात काचेची सुई घालावी तर भाऊजींनीच. तिथल्या मॅडम म्हणायच्या, माझ्या सगळ्या पदव्या एकीकडे आणि यांचा हात एकीकडे. घरात तर माणूस इतका मवाळ की चमचा ठेवल्याचाही आवाज व्हायचा नाही. "गोगलगाय आणि पोटात पाय!" मी तोंडावर चिडवायची. पण त्यांच्या पोटात काही नव्हतं हो. साधा सरळ माणूस.

एकदा त्यांनी मला प्रयोग दाखवला. पेशीला विजेचा बारीकसा टोचा दिला की स्पीकरमधून 'टक्' असा एकच आवाज. मग त्यांनी बशीत सेरोटोनिन नावाच्या मेंदूतल्या रसायनाचा थेंब सोडला. टोचा तेवढाच, पण आता टक् टक् टक् टक्, थांबेचना.

"थेंब तिला बोल म्हणून सांगत नाही," भाऊजी म्हणाले. "ती किती लवकर पेटेल, एवढंच ठरवतो. दुसरी एखादी पेशी याच थेंबानं गप्पही होते."

मग बशीतून मिठाचं पाणी वाहवून त्यांनी थेंब धुऊन काढला. पंधरा मिनिटांत पेशी पुन्हा एका 'टक्'वर. "बघ, जशी होती तशी!" चेहरा असा की जणू ती पेशी त्यांनीच घडवली.

ताई शाळेत शिवण शिकवायची. एके सकाळी ती पलंगावर बसली, एक चप्पल पायात आणि एक हातात, आणि दुपारपर्यंत तशीच बसून राहिली. मग कित्येक आठवडे ना धड जेवण, ना झोप. मेले तर बरं, म्हणायची. डॉक्टरांनी सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "गुण यायला महिना जाईल. पेशींना बदलायला वेळ लागतो. आणि मला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत." पाचव्या आठवड्यात भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताई माझ्यावर खेकसली. मी मोरीत जाऊन आनंदानं रडले.

आठ महिने छान गेले. फक्त गोळ्यांनी तिचा हात थोडा थरथरायचा, सुईत दोरा जायचा नाही, आणि ती चिडायची. मग गोळ्या बंद झाल्या. एकदम. डॉक्टरांना न विचारता.

भाऊजींनी ते त्यांच्या पद्धतीनं केलं. घड्याळ लावून दर दोन तासांनी ताईला मोठा ग्लासभर पाणी पाजायचे. धुतलं जाईल म्हणे! अहो, बायको म्हणजे काय बशी आहे?

चौथ्या दिवशी ताई म्हणाली, डोळे फिरवले की डोक्यात करंट बसतो. दार वाजलं की दचकायची, भांडं पडलं की किंचाळायची. भाऊजी अनवाणी चालायला लागले. "पंधरा मिनिटं नाही, तर पंधरा दिवस," ते म्हणत. "निवळेल." सतराव्या दिवशी ती पुन्हा पलंगावर येऊन बसली, भिंतीकडे तोंड करून. तेव्हा त्यांचा धीर सुटला. त्यांनी गोळी काढून तिच्या तोंडात घातली. पण गोळीला महिना लागतो, आणि तो आता कुठून आणायचा?

तीन दिवसांनी ताई गेली. कशी, ते मी कुणालाच सांगत नाही.

डॉक्टरांनी नंतर आम्हाला समोर बसवलं. भाऊजींनी त्यांना बशीतला प्रयोग सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "बशीतल्या पेशीनं थेंब पाच मिनिटं पाहिला. यांच्या पेशी आठ महिने त्यात राहून बदलल्या होत्या. आधार एकदम काढला की त्या एका दिवसात पूर्वीसारख्या होत नाहीत. शिवाय मूळ दुखणं टपलेलंच होतं." मग त्यांनी विचारलं, "बंद करायचं कुणी ठरवलं?"

"मी," भाऊजी म्हणाले.

मग काय, सगळे नातेवाईक तुटून पडले. काकूंनी तर तळतळाट दिला. मीही चारचौघांत ओरडले, "तुम्ही माझ्या बहिणीला खाल्लंत!"

आता खरं सांगते. गोळ्या सोडवा म्हणून त्यांच्या मागे मी लागले होते. ते दोनदा नाही म्हणाले, डॉक्टरांना विचारू म्हणाले. डॉक्टरांची वेळ महिन्यानंतरची होती आणि ताईचा हात मला बघवत नव्हता. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, "तुम्हाला गोळ्या खाऊन गप्प बसणारी बायकोच हवी आहे, दुसरं काय!" त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्याच संध्याकाळी त्यांनी गोळ्यांची पाकिटं कपाटात टाकली.

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी अजून त्यांना डबा नेऊन देते. लोकांदेखत मात्र मी त्यांच्याशी बोलत नाही.