पंचेचाळीस अंशांचं झाड

ज्योतीराम ढवळे यांनी चाकणच्या एका गिअरच्या कंपनीत एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. बहुतेक लोक हे काम फुकट करतात. ज्योतीरामना त्याचा पगार मिळत होता. ते इन्स्पेक्शनला होते. केसाएवढा फरक दिसला तरी मालाला नापासाचा लाल टॅग लागायचा, मग तो कुणाच्याही हातचा असो. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी कंपनीत दोनदा पेढे वाटले गेले. त्यातले पहिले ज्योतीरामनी वाटले होते.

निवृत्तीनंतर त्यांनी पिंपळे सौदागरच्या आपल्या सोसायटीत, चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत लोखंडाची झाडं करायला घेतली. भंगारातून आणलेल्या सळ्यांचं खोड, बारीक सळ्यांच्या फांद्या, तांब्याच्या पत्र्याची कातरलेली पानं. सांधे गॅसच्या छोट्या टॉर्चवर, टाकणखार टाकून, पितळेनं जोडलेले. "माणूस लटकला तरी सुटणार नाही," असं ते सांगत. झाड दीड फुटाचं असल्यामुळे ही चाचणी कुणी घेतली नव्हती.

प्रत्येक फांदी खोडापासून बरोबर पंचेचाळीस अंशांत निघायची. प्रत्येक पान व्हर्नियरनं मोजलेलं असायचं. पहिलं झाड पुरं झालं तेव्हा त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंनी ते डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून पाहिलं. दोन्हीकडून ते सारखंच होतं.

"चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. "जुन्या टीव्हीच्या अँटेन्यासारखं दिसायलंय, पण चांगलं झालंय."

ज्योतीरामनी यातलं 'चांगलं' तेवढं नोंदवून घेतलं.

समोरच्या फ्लॅटमधले उद्धवराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. एका रविवारी चहाला आले आणि गॅलरीतच रमले. "आम्हालाही शिकवा की राव!" ज्योतीरामनी चार रविवार शिकवलं. उद्धवरावांनी आयुष्यात पक्कड धरली नव्हती. ज्या हातांनी फायली पुढं सरकवल्या नाहीत ते सळई काय वाकवणार, या विचारानं ज्योतीरामनी अगदी मोकळ्या मनानं शिकवलं.

त्याच सुमारास सोसायटीची लॉबी नव्यानं सजली. सेक्रेटरी मिनलनं ग्रुपवर टाकलं, की लिफ्टसमोरच्या टेबलावर, वरच्या दिव्याखाली, एका रहिवाशानं स्वतः केलेली एक वस्तू कायमची ठेवायची. ज्योतीराम खाली जाऊन टेबलाची मापं घेऊन आले. आपलं झाड ठेवल्यावर चारी बाजूंना किती जागा उरेल, हेही त्यांनी काढून ठेवलं.

आठवड्यानं उद्धवरावांनी त्यांना घरी बोलावलं. टीपॉयवर, गावाकडच्या एका दगडावर, झाड उभं होतं. खोड कललेलं. पानं स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापलेली, लहानमोठी. सगळ्या फांद्या एकाच अंगाला धावलेल्या, घाटमाथ्यावर वाऱ्यात वाढलेल्या झाडासारख्या.

ज्योतीरामच्या छातीत काहीतरी जळजळलं. सकाळच्या मिसळीवर त्यांनी ते ढकललं, आणि येत होतं ते काम सुरू केलं, म्हणजे झाड तपासलं. सगळ्यात जाड फांदीचा सांधा टॉर्चवर जोडलेलाच नव्हता. उद्धवराव आगीला भ्याले असावेत. त्यांनी साध्या सोल्डरिंगनं डाख दिला होता आणि वरून तारेचे वेढे घातले होते. लोखंडावर तो डाख धरलाच नव्हता. फार तर दहा-पंधरा दिवस.

"कसं झालंय, ज्योतीरामभाऊ? कमी-जास्त असेल तर सांगा. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

एकतीस वर्षांत असा तुकडा त्यांच्या टेबलावरून टॅगशिवाय पुढं गेला नव्हता.

"ओके आहे," ज्योतीराम म्हणाले.

लॉबीत दोन्ही झाडं शेजारी मांडली गेली. निवडीला फार वेळ लागला नाही. उद्धवरावांनी दोन शब्द बोलताना सगळ्यांसमोर सांगितलं, "गुरूंनी स्वतः तपासून ओके केलंय." टाळ्या झाल्या. ज्योतीरामचं झाड मिनलनं आदरानं सिक्युरिटीच्या केबिनमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी वॉचमननं त्याच्यावर सगळ्या किल्ल्या टांगल्या. एकही फांदी हलली नाही.

त्यानंतर ज्योतीराम रोज स्वतः दूध आणायला जाऊ लागले. जाता-येता लिफ्टपाशी थांबत. "इतकं दूध कोण पिणारंय?" कौशल्याबाईंनी विचारलं. अकराव्या दिवशी सकाळी लॉबीत घोळका दिसला, आणि त्यांची पावलं वयाला न शोभेल अशी उचलली गेली.

सांधा सुटला होता. पण फांदी पडली नव्हती. तारेच्या वेढ्यांनी तिला धरून ठेवलं होतं, आणि ती चार बोटं खाली झुकून, पानांची टोकं दगडाला टेकवून थांबली होती.

"अय्या काका!" मिनल फोटो काढत म्हणाली. "फळांनी वाकल्यासारखी दिसते! मुद्दाम बदललंत ना?"

"नाही हो, आपोआप झालं," उद्धवराव म्हणाले. ते खरंच बोलत होते. लोकांना तो विनय वाटला.

दुपारी ते ज्योतीरामच्या दारात आले. "फांदी डुगडुगतेय, भाऊ. आज ना उद्या पडेल. तुम्हीच पक्की करा. फक्त... अशीच वाकलेली राहील ना?"

ज्योतीरामनी टॉर्च काढला. जुना डाख कानशीनं घासून टाकला, पानांना ओलं फडकं गुंडाळलं, फांदी पकडीत धरली. अर्ध्या मिनिटाचा प्रश्न होता. जरा वर उचलून पंचेचाळीसवर जोडली असती, तर झाड साधं होऊन गेलं असतं, आणि हात चुकला म्हणायला कुणाची हरकत नव्हती. त्यांनी फांदी थोडी उचलूनही पाहिली. ती वाईट दिसली. मग पुन्हा होती तिथं आणली आणि पितळ वितळवलं. आता तिच्यावर माणूस लटकला असता तरी चाललं असतं.

उद्धवराव झाड घेऊन खाली गेले. ज्योतीरामनी शोकेसमधलं आपलं दुसरं झाड काढलं, खोड बेंच वाईसमध्ये आवळलं आणि एक फांदी दोन्ही हातांनी खाली दाबली. मग पाइप घालून दाबली.

"काय करायलाव?" कौशल्याबाई दारातून म्हणाल्या.

"वाकत नाहीये."

"मग बरंच की. तेच सांगत फिरत होता ना?"

त्या आत गेल्यावर त्यांनी खण उघडला. कंपनीतून येताना चुकून आलेले चार लाल टॅग तिथं होते. त्यातला एक काढून त्यांनी आपल्या झाडाला बांधला. कारणाच्या रकान्यापुढं पेन धरून ते बराच वेळ बसले, आणि शेवटी सवयीच्या नेटक्या अक्षरात लिहिलं: दोष आढळला नाही.