दूध वाटायच्या आधी

यवतमाळच्या जेलात बायकांच्या कोठड्यांवर पहारा करण्यात पंचफुलाबाईची ऐन उमेदीची वर्षं गेली. भांडणं, झडत्या, शिव्याशाप. घरी आली तरी कान तिकडेच. पुढं पुढं डोळ्याला डोळा लागेना, तेव्हा तिनं नोकरी सोडली आणि राळेगावच्या बालवाडीत मदतनीस म्हणून लागली. साल एकसष्टचं.

काम सोपं होतं. पोरं घरून आणायची, खोली झाडायची, पाणी भरायचं. पण अंगात मुरलेली सवय जाते कुठं? पोरांचे खिसे ती नकळत चाचपायची. एखादं गप्प बसलं की वाटायचं, हे काय लपवून राह्यलं?

त्यात बालवाडीच्या विमलताई रोज दूध वाटायच्या आधीच म्हणायच्या, "जा तुम्ही घरी, दमल्या असाल."

एवढी माया तिला पटेना. दुधाच्या पावडरीचा डबा कुलपात, किल्ली ताईंच्या कमरेला. ही बाई पावडर विकत असेल, असं तिला आधी वाटलं. मग दुसरा संशय आला, तो जास्त बोचला. छप्पन साली तिच्या घरानं धम्म घेतला होता. गावाची नजर मात्र जुनीच होती. आपल्या हातचं दूध चालत नसेल.

एक दिवस ती गेलीच नाही. निंबाआडून खिडकीत बघत राहिली. ताईंनी पावडर कालवली, पोरांना दूध दिलं, डब्याला कुलूप लावलं. चोरी काही दिसली नाही. म्हणजे दुसरंच खरं. ती तडक आत गेली.

"ताई, मले दुधापासून दूर काहून ठेवता? माह्या हाताचा इटाळ होते का?"

विमलताईंचा चेहरा उतरला. "तसं नाही हो. लोक म्हणाले, जेलातली बाई उगाच पोरं सांभाळायला येते का? मला वाटलं, पावडरीवरून माझ्यावर नजर ठेवायला तुम्हाला कोणी धाडलंय."

"मले कोन धाडते? झोप येत नव्हती, म्हून सोडली नोकरी."

ताईंनी कमरेची किल्ली काढून दिली.

दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाईनं दूध कालवलं. पोरं प्यायली. एक ग्लास तिनं ताईंपुढं ठेवला आणि केरसुणी हातात घेऊन तिथंच रेंगाळली. ताईंनी एकाचं नाक पुसलं, दुसऱ्याची पाटी शोधली. मग ग्लास उचलून त्या प्यायल्या.

"गुठळ्या राहिल्या," म्हणाल्या.

तरी कितीतरी दिवस ताईंचा ग्लास रिकामा झाला की नाही, ते ती बघायची. मग केव्हातरी बघायचं राहून गेलं.