न चमकणारी कुपी

एकतीस वर्षं काचसामान धुणाऱ्या या माणसाला प्रयोगशाळेत सगळे चकाचककाका म्हणत, आणि काकांना ते नाव मनापासून आवडे. धुतलेली कुपी ते उजेडात धरत, एक डोळा मिटून बघत, आणि डाग दिसला की स्वतःलाच चार शब्द सुनावत. घरी चहाचा कप विसळायला मात्र बायकोला तीनदा सांगावं लागे, ती गोष्ट वेगळी.

सध्या काकांचा जीव अडकला होता संशोधन करणाऱ्या पोरीच्या कामात. लिंबात असतं ते आम्ल आणि युरिया पाण्यात कालवायचं, जाड पोलादी डब्यात कोंडून भट्टीत तापवायचं. निघायचं तपकिरी पाणी. पण त्यातले कार्बनचे कण इतके बारीक की थेट पेशीत शिरत आणि जांभळ्या दिव्याखाली निळे चमकत. डॉक्टरांना आजारी पेशी नेमकी दिसावी, म्हणून हा सगळा खटाटोप. शुक्रवारी नमुने इस्पितळात जायचे होते.

बुधवारी दुपारी पोर अंधारखोलीत डोकं धरून बसलेली दिसली.

"काय गं, काय झालं?"

"काका, साधं पाणी चमकतंय! या कुपीत मी काहीच घातलेलं नाही, तरी ती निळी. मग माझ्या कणांची चमक खरी कशावरून? बाई नमुने पाठवूच देणार नाहीत."

बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. काका ट्रे ठेवायला दिव्याजवळ गेले आणि जागच्या जागी थबकले. त्यांच्या पांढऱ्या शर्टाची बाही तशीच निळी झगझगत होती.

काकांना एकदम आठवलं. आठवड्यापूर्वी काचेचा साबण संपला, तेव्हा काम अडू नये म्हणून त्यांनी घरून कपड्यांची पावडर आणली होती. कपडे किती उजळ निघतात म्हणून बायको तिचे गोडवे गात असे. निवृत्तीला चार महिने उरलेले. वर दुमडलेली एप्रनची बाही खाली ओढली असती, तर कुणाला पत्ताही लागला नसता. क्षणभर हात तिकडे गेलाही.

"पोरी, तुझं काही चुकलं नाही," बाही दिव्याखाली धरत ते म्हणाले. "हा शर्ट ज्या पावडरीने धुतलाय, तीच मी तुझ्या कुप्यांना लावली."

पोर आधी बघतच राहिली, मग इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "काका, मारलंच होतं की हो मला!"

बाईंनी मात्र काकांची चांगलीच हजेरी घेतली. काकांनी ती खाली मान घालून ऐकली आणि सगळ्या कुप्या आम्लात भिजवल्या, शुद्ध पाण्याने सात-सात वेळा खळबळल्या. गुरुवारी पोरीने नव्याने भट्टी लावली.

शुक्रवारी सकाळी पडदे ओढले. कणांची कुपी निळीशार पेटली. पोर टाळ्या पिटत होती, पण काकांची नजर शेजारची पाण्याची कुपी शोधत होती. ती दिसेचना! शेवटी हाताने चाचपडून सापडली, तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

इस्पितळात तुलनेसाठी पाण्याचीही कुपी लागे, म्हणून दोन्ही कुप्या जायच्या होत्या. चिठ्ठीवर 'बनवणारा' असा रकाना होता. पोरीने कणांच्या कुपीवर स्वतःचं नाव लिहिलं आणि पाण्याच्या कुपीवर लिहिलं, चकाचककाका.

"अगं, यात तर काहीच नाही."

"तेच तर तुम्ही बनवलंत, काका."