पाटीवरचा संशोधक

दुकानात आला की तो आधी कॉम्प्युटरच्या पडद्यावर वीत ठेवायचा. अंगठा पहिल्या अक्षरावर, करंगळी शेवटच्या अक्षरावर. मग म्हणायचा, "पेंटर, नाव बारीक चालंल. पदवी वीतभर पायजे."

मी राहुरीत फ्लेक्स आणि पत्र्याच्या पाट्या करतो. ब्रश सुटून बरीच वर्षं झाली, तरी गाव मला पेंटरच म्हणतं. त्याचं रस्त्याला लागून वेल्डिंगचं वर्कशॉप होतं आणि मागे कांद्याची वखार. तोंडावर मी त्याला शेठ म्हणायचो, अहो-जाहो करायचो. आता तो नाही, म्हणून एकेरीत लिहितो आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, असं मलाही शिकवलेलं आहे. या माणसाच्या बाबतीत मला ते जमत नाही, आणि मी फारसा प्रयत्नही करत नाही.

त्याला पदव्यांची भूक होती. सुरुवातीला तो साधा 'निर्माता' होता. मी एकदा 'उत्पादक' सुचवलं तर भडकला, "दूधवाल्यालाबी उत्पादकच म्हनत्यात!" मग काही दिवस 'कल्पक उद्योजक' झाला. त्यानंतर 'कांदा चाळणीचे जनक'. पण चौकात कोणीतरी "जनकराजे, सीतामाई कुठं हाय?" असं विचारलं आणि तो फ्लेक्स आठ दिवसांत खाली आला. शेवटी त्याला 'संशोधक' सापडला. "ह्यो शब्द वजनदार हाय," म्हणाला, आणि मग तो सोडला नाही.

असे फ्लेक्स तुम्हीही पाहिले असतील. त्यावरच्या माणसाने नक्की काय शोधलं, हे विचारायचं तुमच्या मनातही आलं नसेल. मला विचारायची गरजच नव्हती. ते यंत्र माझ्या धाकट्या बहिणीचं होतं, सुमनचं.

सुमन त्याच्या वखारीत कांदे निवडायला जायची. मोठा एकीकडे, मध्यम एकीकडे आणि गोल्टी, म्हणजे अगदी बारका कांदा, तिसरीकडे. बायका दिवसभर उकिडव्या बसून हे करत. बायका कमी करता याव्यात म्हणून शेठने लोखंडी पाइपांची एक चाळणी बनवली. सगळे पाइप सारख्या अंतरावर. मोठा कांदा त्यात अडकायचा, आणि निघाला तरी सोलून निघायचा. साल गेलेला कांदा बाजारात कोण घेणार? शिव्या मात्र बायकांना.

चार दिवस सुमनने ते पाहिलं. पाचव्या दिवशी ती पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबा घेऊन आली आणि एकेक पाइपावर चढवत बसली. मग त्याच्यापुढे हाताची बोटं पसरून धरली. "शेठ, पाइप असं पसरा. वर जवळ जवळ, खाली लांब लांब. आन् उतार द्या. गोल्टी आदी पडंल, मग मध्यम, मोठा पार टोकाला जाईल." वेल्डिंग त्याने केलं, हे खरं आहे. तेवढं श्रेय मी देतो.

यंत्र चाललं. तालुक्यातून मागणी आली. यंत्रावर ठोकायच्या पत्र्याच्या पाटीचा नमुना घेऊन मी वर्कशॉपवर गेलो, तेव्हा सुमन तिथेच होती. तिने पाटी वाचली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "शेठ, माजंबी नाव टाका. खाली. बारीक."

तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. "अगं बाई, हिथं संशोधकाचं नाव लागतं. कांदे निवडनारीच्या नावावर कोन मशीन घेईल?"

सुमनने माझ्याकडे पाहिलं. मी तिचा मोठा भाऊ, आणि पाटी माझ्या हातात. मी विचारलं, "शेठ, पाट्या किती काढू?"

हे लिहितानाही माझे कान गरम झाले आहेत. महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "दादा, मला हार नको हुता. निस्तं नाव."

पुढे नगरला एका प्रदर्शनात त्याला शाल आणि नारळ मिळाला. यंत्र चालवून दाखवायला त्याने सुमनला आणि फ्लेक्स लावायला मला टेम्पोतून नेलं होतं. ती कांद्याच्या टोपल्या उचलून चाळणीवर ओतत होती आणि तो बाजूला फेटा बांधून उभा होता. शेतीचं शिकणाऱ्या एका मुलीने वही उघडून विचारलं, "पाइप असे पसरवायचं तुम्हाला कसं सुचलं?"

"सपनात," तो म्हणाला. "पहाटंला सपनात आलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या वाटेवर सुमन टेम्पोत रिकाम्या गोण्यांवर बसली होती. राहुरी आली. उतरताना मला म्हणाली, "सपनात म्हने! मंग मी काय त्याच्या सपनात गेल्ते?" मला हसू आलं, तिला आलं नाही.

दोन वर्षांनी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्याची बायको त्याला रोज वर्कशॉपच्या दारात खुर्चीवर आणून बसवायची. फ्लेक्स वाऱ्याने फाटला म्हणून तिने मला बोलावलं होतं, तेव्हाची गोष्ट. मी शिडीवर होतो. खाली सुमन दारातच कांदे निवडत बसली होती.

शेवगावकडचा एक शेतकरी यंत्र टेम्पोत घालून आला. "मशीन कांदा सोलाया लागलंय. संशोधक साहेब कोन हायेत?"

खुर्चीतून घशातल्या घशात आवाज आला. मग त्याने डावा हात उचलला. हात हळूहळू वर आला आणि सुमनकडे वळला. त्याने बोट नीट तिच्यावर रोखलं. एवढं एकदाच तो खरं बोलला, तेही तोंड गेल्यावर.

शेतकरी गोंधळून सुमनकडे वळला. "बाई, तुमी?"

तिने हो म्हणावं म्हणून मी शिडी घट्ट धरून ठेवली.

सुमनने हातातली गोल्टी बाजूला टाकली. "पाटीवर कोनाचं नाव हाय?"

शेतकऱ्याने टेम्पोतल्या यंत्रावरची पाटी वाकून वाचली. "शेठचंच हाय."

"मंग त्येंनाच इचारा," ती म्हणाली, आणि पुढचा कांदा उचलला.

तो हात तिच्याकडे रोखलेला तसाच राहिला. खाली घ्यायला कोणी उठलं नाही. मीही शिडीवरून उतरलो नाही.