गळ्यातला रशियन कॅमेरा

"हलू नका गुरुजी, अजून दोन दिसताय."

फोटो काढताना आमचे फोटोवाले एवढंच बोलत. जुन्नरच्या एस.टी. स्टँडजवळ त्यांचा छोटा स्टुडिओ होता. नव्वदच्या दशकात मी खोडदच्या शाळेत शिकवायचो, तेव्हा सातवीच्या निरोपाचा फोटो काढायला दर वर्षी तेच येत. कॅमेरा रशियन, हातात दगड धरावा तसा जड. त्याच्या खिडकीतून पाहिलं की समोरचा माणूस दोनदा दिसायचा. भिंगाची कडी फिरवून दोघांना एकमेकांवर बसवलं की एकच व्हायचा. मग बटण दाबायचं. हे त्यांनी मला सांगितलं होतं, दाखवलं मात्र नव्हतं. कॅमेरा कुणाच्याच हातात जायचा नाही. बायकोच्यासुद्धा.

पोलाद कारखान्यात नोकरीला असलेल्या मेव्हण्यानं तो तिथल्या एका रशियन साहेबाकडून आणून दिला होता. "आणताना आतलं काय बदललं आसंल तर देवाला ठावं," असं ते मेव्हण्याच्या तोंडावर म्हणत. प्रत्येक स्क्रूवर त्यांनी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. कुणी उघडला, तर ठिपका फुटणार.

खोडदला आले की फिल्मचा रोल ते पत्र्याच्या डबीत ठेवत. गावाशेजारच्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता; त्यांच्या लहरींनी फिल्म खराब होईल, असं त्यांना वाटे.

"त्या लहरी सोडत नाहीत हो," मी एकदा समजावलं. "आकाशातलं नुसतं ऐकतात."

"ऐकत्यात ना? मग तर लईच जपाया पायजे."

तुम्हालाही असा एखादा माणूस माहीत असेल. हसू येतं, पण आपण त्याच्यासमोर हसत नाही.

दुर्बिणीच्या वसाहतीत पुण्याचे एक पाहुणे आले होते. त्यांना जुने कॅमेरे जमवायचा नाद. मी हौसेनं त्यांना स्टुडिओत घेऊन गेलो. फोटोवाल्यांनी कॅमेरा दाखवला, पण पट्टा गळ्यातून काढला नाही. पाहुण्यांनी वाकून, यांच्या छातीला डोकं टेकवून तो पाहिला. "असल्या कॅमेऱ्यांवर महागड्या जर्मन कॅमेऱ्याचं नाव कोरून लोक फसवतात. हा मात्र अस्सल आहे," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर यांनी मला बाजूला घेतलं. "फसवायचं नाव का काढलं त्यानं?"

पुढं सहाएक महिन्यांनी त्यांनी मला निरोप धाडून बोलावलं. कॅमेरा टेबलावर होता.

"दोनाचं एक हुईना. कुणीतरी उघडलाय."

"ठिपके तर शाबूत आहेत."

"पॉलिश काय बाजारात मिळत न्हाई?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पावणं तुमीच आणलं व्हतं."

त्यानंतर ते शाळेत आले नाहीत. बाजारात समोर आले तर रस्ता ओलांडत. वाईट याचं वाटतं, की मीही आठवून बघू लागलो. मी चहा सांगायला दाराकडे वळलो होतो. तेवढ्यात पाहुण्यांनी काही केलं असेल का? त्या भल्या माणसाबद्दल माझ्या मनात किल्मिष आलं ते आलंच.

दोन वर्षं अशी गेली. मग एके दुपारी ते शाळेच्या फाटकात उभे. डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात कॅमेरा.

"मंचरला आपरेशन केलं. डॉक्टर म्हणतो, मोतीबिंदूनं एकाच डोळ्याला दोन-दोन दिसतं."

"मग कॅमेरा?"

"त्याला काय धाड भरलीय?"

माफीचा शब्द नाही. मला वर्गाबाहेर खुर्चीवर बसवलं, चष्मा काढला, कडी फिरवत कितीतरी वेळ पाहिलं आणि बटण दाबलं. मग मान खाली घालून पट्टा काढला आणि माझ्या गळ्यात घातला.

"आता माझा काढा."

मी खिडकीला डोळा लावून कडी फिरवू लागलो. खिडकीत ते दोन दिसले, हळूहळू एक झाले. कॅमेरा परत घेताना त्यांनी स्क्रू तपासले. मी दुसरीकडे बघितलं.

चारेक वर्षांनी ते गेले. दहाव्याला मी कुकडीच्या घाटावर गेलो, तर हार घातलेला फोटो मी काढलेलाच. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "लग्नानंतरचा ह्यो एकच हाय, गुरुजी. दुसऱ्या कुणाला काढू दिला न्हाई."

फोटो जरा हललेला आहे. त्यांची नजर थोडी खाली आहे, माझ्या बोटांवर.