पाच घरांची भिकबाळी

नरहर पोतदार भांडणारा माणूस नव्हता. छप्पन साली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, बदलीचा हुकूम आला, त्यानं निमूट बिऱ्हाड बांधलं. भोपाळचं क्वार्टर गळायला लागलं, तर त्यानं खाली पातेलं ठेवलं. बांधकाम खात्यात तो नकाशे काढायचा. पहिल्याच आठवड्यात एका कारकुनानं त्याच्या उजव्या कानातल्या भिकबाळीकडे बोट दाखवलं. "क्यों पोतदार, भाभीजी की नथ पहन आए?" सगळे हसले. नरहरही हसला, आणि घरी येऊन त्यानं बाळी काढून डबीत ठेवली.

पुढच्या वर्षी कोटरा वस्तीच्या बाजूला नव्या क्वार्टरांचा पाया खणताना गंजलेलं तलवारीचं पातं निघालं, नालांचे तुकडे निघाले, आणि एका ढेकळात सोन्याची बाळी. दोन झिजलेले मोती, मध्ये लाल खडा. सव्वादोनशे वर्षांपूर्वी पेशव्यांची फौज भोपाळला लढली होती, एवढं सगळ्यांनाच शाळेपासून ठाऊक. नव्या राज्याला वर्ष होत होतं, त्याचं प्रदर्शन भरायचं होतं. अस्सल दागिना तिजोरीत राहणार, मांडायला नक्कल हवी. पोतदार सोनाराचा मुलगा, बापाचा चिमटा-फुंकणी अजून बाळगून. काम त्याच्याकडे आलं.

त्यानं बाळी भिंगाखाली धरली आणि त्याचा हात थांबला. तार एका रंगाची नव्हती. कुठे पिवळी, कुठे तांबूस, कुठे फिकी. पाच तुकडे, एकमेकांना सांधलेले.

"कमलिनी, इकडे ये." बायको आली. "हे बघ. पाच घरचं सोनं आहे."

कमलिनीनं पाहिलं, मग आतून त्याची डबी आणून शेजारी ठेवली. त्याच्या बाळीलाही पाच सांधे होते. त्याच्या आधीची दोन मुलं गेली, तेव्हा हा तरी जगावा म्हणून आईनं पदर पसरून पाच घरी गुंजगुंज सोनं मागितलं होतं. बापानं ते एकत्र आटवलं नाही. प्रत्येक घरचा आशीर्वाद वेगळा दिसला पाहिजे, म्हणाला. इथे मातीत पडलेला तो शिपाईही असाच मागून घेतलेला, कुणीतरी जगवलेला. आणि मेला कुठे, तर भोपाळला.

नरहरनं पितळेत तांबं कमी-जास्त करून पाच छटा साधल्या. आठ दिवस लागले.

साहेबांनी नक्कल उलटसुलट करून पाहिली. "ये क्या थिगली लगा दी, पोतदार? ऊपर से मुलामा चढ़वाओ, एक रंग का." शेजारी छापून आलेली चिठ्ठी होती : नथ, मध्यकालीन, किसी नर्तकी की.

"साहब, ये नथ नहीं है. मर्द के कान की चीज़ है. सिपाही की."

"अरे भाई, दो मोती, बीच में माणिक. हमारे यहाँ घर-घर में ऐसी नथ है. तुम हमें नथ सिखाओगे?"

नरहरनं विश्वासकडे पाहिलं. विश्वास नागपूरचाच, बदलीच्या गाडीत त्याच्याच डब्यात आलेला. त्याच्या आजोबांच्या कानात भिकबाळी होती. विश्वास फाईल चाळत राहिला.

बाहेर आल्यावर नरहरनं त्याचा दंड धरला. "तुला माहीत होतं."

"जाऊ दे ना रे. छापून झालंय. मेलेल्याला काय फरक पडतो?"

"मेलेल्याला बोलता येत नाही म्हणून तर! तुला येतं ना?"

मुलामा द्यायला नरहरनं नकार दिला. साहेबांनी तो दुसऱ्याकडून चढवून घेतला. पाचही घरं एका झगझगीत थराखाली गेली.

प्रदर्शनाच्या सकाळी नरहरनं डबी उघडली. वर्षभरात कानाचं भोक बुजत आलं होतं. त्यानं तार रेटली. कॉलरवर रक्त पडलं. "सदरा बदला," कमलिनी म्हणाली. "राहू दे," तो म्हणाला, आणि जाऊन त्या काचेच्या पेटीशेजारी उभा राहिला.

येणारे चिठ्ठी वाचत, बाळी बघत, मग त्याच्या कानाकडे बघत. साहेब पाहुण्यांना घेऊन आले.

"पोतदार, ये क्या तमाशा है?"

"नथ है साहब. देख लीजिए, नाक में है कि कान में."

पाहुण्यांतल्या एक बाई फस्सकन हसल्या. साहेबांचे कान लाल झाले. तिसऱ्या दिवशी पेटीवर चिठ्ठी नव्हती, आणि विश्वासच्या नखांत वाळलेला डिंक होता. नरहरनं तो पाहिला आणि त्याला आणखीच चीड आली.

"गुपचूप खरवडलीस? एवढंच जमतं?"

"तू तरी वर्षभर कुठे घातली होतीस?" विश्वास म्हणाला.

ते शब्द नरहरला त्या कारकुनाच्या थट्टेपेक्षा जास्त लागले.

प्रदर्शन संपल्यावर ती नक्कल भंगारात निघाली, ती त्यानं मागून घेतली. घरी येऊन दिव्याखाली बसला आणि चाकूच्या टोकानं मुलामा खरवडू लागला, दात आवळून, बोट कापलं तरी न थांबता. कमलिनी जेवायला दोनदा बोलावून गेली.

"चार झाली," तो मान वर न करता म्हणाला. "एक घर राहिलंय."